लहरींचा लिलाव आणि संगीताची वाट

मुंबईसारख्या महानगरात संध्याकाळच्या प्रहरी रेडिओची कळ ९१.१ पासून १०४.८ पर्यंत सावकाश फिरवीत गेले, तर निवेदकांचे आवाज बदलतात, जाहिरातींतली दुकाने बदलतात, क्वचित भाषेची लकबही बदलते. परंतु गाणे बहुतेक ठिकाणी हिंदी चित्रपटातलेच असते, आणि तेही पुष्कळदा गेल्या काही महिन्यांतले. ज्या शहरात नाट्यसंगीताने रात्री जागविल्या, शाहिरांनी गिरणगावाचे नाके गाजविले, कोळीवाड्यांनी आपली गाणी जतन केली आणि गोमंतकीय वादकांनी ताजमहाल हॉटेलात जाझ वाजविले, त्या शहराच्या आकाशात या साऱ्यांपैकी एकालाही वाहिलेली स्वतंत्र वाहिनी नसावी, याचा विस्मय कोणाला फारसा वाटत नाही. कारण ‘लोकांना हेच आवडते’ हे उत्तर आपल्यापाशी तयार असते. ते उत्तर सर्वस्वी खोटे नाही. परंतु लोकांना काय आवडते यापेक्षा सरकार परवाना कोणाला, कोणत्या शर्तींवर आणि मुख्य म्हणजे कोणत्या किमतीला देते, यावर हवेतले संगीत अधिक अवलंबून असते, हे आपल्याकडील आणि परदेशांतील अनुभव ताडून पाहिले म्हणजे ध्यानात येते.

आपल्याकडे या विषयाचे मूळ १८८५ च्या तारायंत्र कायद्यात आहे. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाने तारायंत्र उभारण्याचा आणि चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला, आणि पुढे बिनतारी संदेशवहनाचा शोध लागल्यावर तेही त्याच छत्राखाली गेले. गंमत अशी की, कायदा असा असूनही हिंदुस्थानातील पहिले ध्वनिक्षेपण हौशी मंडळांनी केले. मुंबईच्या रेडिओ क्लबाने जून १९२३ मध्ये कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि पाठोपाठ कलकत्ता व मद्रास येथील मंडळे पुढे आली. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे दीड किलोवॅटचे केंद्र सुरू झाले. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये भरून परवाना काढावा आणि त्यातला मोठा हिस्सा कंपनीस मिळावा, अशी योजना होती. परवानाधारक श्रोते पुरेसे मिळाले नाहीत आणि तीन वर्षांच्या आत कंपनीचे दिवाळे वाजले. १९३० मध्ये सरकारने ती यंत्रे ताब्यात घेतली, १९३३ मध्ये विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणे हाच अपराध ठरविणारा कायदा केला, आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव धारण केले. बोलणाऱ्याला परवाना, तसा ऐकणाऱ्यालाही परवाना, हा शिरस्ता स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिला. पोस्टाच्या खिडकीशी उभे राहून, रेडिओच्या परवान्याच्या लहानशा पुस्तकात तिकिटे चिकटवून त्यांवर शिक्का मारून घेणे हे एकेकाळी मध्यमवर्गीय गृहस्थाच्या वार्षिक कर्तव्यांपैकी एक होते.

या एकाधिकाराचे संगीतावर काय परिणाम होऊ शकतात, याचे ठळक उदाहरण १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी घालून दिले. केसकर शास्त्रीय संगीताचे मर्मज्ञ होते आणि चित्रपटगीतांविषयी त्यांना मनस्वी तिटकारा होता. आकाशवाणीवरून त्यांनी चित्रपटगीतांचे प्रमाण इतके कमी केले, आणि निर्मात्यांशीही इतके बिनसले, की ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी निमूटपणे रागदारी ऐकावयास बसावे अशी अपेक्षा असेल, तर ती फोल ठरली. श्रोत्यांनी कळ फिरविली आणि समुद्रापलीकडील रेडिओ सिलोन लावला. अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ घरोघर पोहोचली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून सरकारने आपली माघार सजवून मांडली. केसकरांची पुष्कळ थट्टा झाली आहे आणि ती अगदीच अनाठायी नाही. तथापि शास्त्रीय गायक-वादकांना आकाशवाणीने त्या काळात जो आश्रय दिला, तसा पुढे कोणत्याही खाजगी वाहिनीने दिला नाही, हेही नमूद करणे न्यायाचे होईल.

सरकारचा हा एकाधिकार तत्त्वतः मोडला तो क्रिकेट सामन्यांच्या एका वादातून. बंगालच्या क्रिकेट संघटनेने हिरो चषकाच्या प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीस दिले, त्यावरून खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने निर्णय दिला की, प्रक्षेपण-लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्यावर सरकारचा एकाधिकार असू शकत नाही, तशी ती मूठभर धनिकांच्या हाती जाणेही इष्ट नव्हे; लोकांच्या हितासाठी तिचे नियमन स्वायत्त सार्वजनिक संस्थेने करावे. या निर्णयाचा पूर्वार्ध सरकारने चार वर्षांत अमलात आणला. उत्तरार्धाकडे मात्र ज्या बेताने दुर्लक्ष झाले, त्यातूनच आजची स्थिती उद्भवली आहे.

१९९९ मध्ये सरकारने ४० शहरांतील १०८ एफएम वाहिन्या खाजगी क्षेत्रास देण्याचे ठरविले आणि त्यासाठी लिलाव पुकारला. बोली वार्षिक परवाना-शुल्काची होती आणि ते शुल्क दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढत जाणार होते. म्हणजे परवान्याच्या दहाव्या वर्षी ते पहिल्या वर्षाच्या साडेतीन पट व्हावयाचे. उत्साहाच्या भरात बोली चढत गेली, मुंबईतील एका वाहिनीचे वार्षिक शुल्क पावणेदहा कोटींपर्यंत पोहोचले, आणि मग हिशेब मांडून पाहिल्यावर पुष्कळांनी पाय मागे घेतला. १०८ पैकी जेमतेम वीस-बावीस केंद्रे प्रत्यक्षात सुरू झाली. त्यांतले पहिले ३ जुलै २००१ रोजी बंगळूरला सुरू झाले. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात चक्रवाढीचा हा जाच काढून एकरकमी प्रवेशशुल्क आणि त्यावर एकूण उत्पन्नाच्या चार टक्के, अशी सुटसुटीत रीत आली, आणि केंद्रांची संख्या झपाट्याने वाढली. नियम सैल झाले, हे खरे. परंतु लिलाव कायम राहिला. २०१५ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या लिलावात मुंबईची एक वाहिनी पंधरा वर्षांसाठी सुमारे १२३ कोटी रुपयांना गेली. व्याज, वीज, पगार आणि संगीताचे स्वामित्वशुल्क हे सारे बाजूला ठेवले, तरी केंद्र चालू करण्याच्या केवळ हक्कापोटी दिवसाला सव्वादोन लाख रुपये पडतात.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती मक्त्याने देण्याचा प्रघात पडला होता. जो अधिक रकमेची बोली करील त्यास परगणा मिळे. आणि ज्याने बोलीपायी कर्ज काढलेले असे, तो मक्तेदार मुदत संपण्यापूर्वी आपले पैसे वसूल करण्यासाठी रयतेकडून काय व कसे घ्यावयाचे, याचा फार विचार करीत नसे. नभोवाणीचा मक्तेदार रयतेला नाडीत नाही, फक्त गाणी ऐकवितो. पण वसुलीची घाई तीच असते, आणि त्या घाईत तो जे गाणे सर्वांत जास्त कानांवर हमखास टिकेल, तेच लावतो.

येथे कोणी म्हणेल की, केंद्रे वाढली म्हणजे स्पर्धा वाढेल आणि स्पर्धेतून वैविध्य आपोआप येईल. पीटर स्टायनर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच या समजुतीची चिकित्सा केली होती. त्याच्या विचाराची दिशा घेऊन आपण एक काल्पनिक गणित मांडू. समजा, एका शहरात शंभर श्रोते आहेत. त्यांतल्या ऐंशींना चित्रपटगीते हवी आहेत, पंधरांना नाट्यसंगीत व रागदारी, आणि पाचांना नव्या मुलांनी स्वतः रचलेली, कोणत्याही चित्रपटात नसलेली गाणी. पहिले केंद्र अर्थातच चित्रपटगीते लावील. दुसऱ्यानेही तेच केले तर त्याला चाळीस श्रोते मिळतात, नाट्यसंगीत लावले तर पंधराच. तिसरे, चौथे, इतकेच काय, पाचवे केंद्रसुद्धा चित्रपटगीतेच लावील, कारण ऐंशींचे पाच वाटे केले तरी वाट्याला सोळा येतात. सहाव्याला मात्र तेथे तेरा-चौदाच मिळतील, तेव्हा तो प्रथमच नाट्यसंगीताकडे वळेल. आणि त्या उरलेल्या पाच तरुण श्रोत्यांकडे कोणाचे लक्ष जाण्यास शहरात अठराएक केंद्रे व्हावी लागतील. पाच केंद्रांचे शहर आणि एका केंद्राचे शहर यांत संगीताच्या दृष्टीने काहीच अंतर नाही, हा या गणितातला चमत्कारिक भाग. शिवाय आपण येथे असे गृहीत धरले आहे की पंधरा श्रोत्यांवर केंद्राचा खर्च भागतो. लिलावाची रक्कम जर पंधरांच्या उत्पन्नातून फिटत नसेल, तर सहावे केंद्र निघतच नाही.

स्टायनरच्या विवेचनातील आणखी एक निष्कर्ष लोकशाहीवादी वाचकाला रुचणार नाही असा आहे: दोन केंद्रे एकाच मालकाची असतील, तर तो स्वतःचेच श्रोते स्वतःशी वाटून घेण्याचा मूर्खपणा करणार नाही, दुसऱ्या केंद्रावर निराळे काही लावील. तिसऱ्या टप्प्यात आपल्या सरकारने एका शहरात एकाच कंपनीस चाळीस टक्क्यांपर्यंत वाहिन्या घेण्याची मुभा दिली, तिला असा आधार देता येतो. प्रत्यक्षात दुसरी वाहिनी मिळालेल्यांपैकी काहींनी जुन्या चित्रपटगीतांची वाहिनी काढली. नव्याच्या शेजारी जुने आले, एवढाच काय तो पालट.

केंद्रांची संख्या कोठवर वाढविता येते, हा प्रश्न वरवर पाहता पदार्थविज्ञानाचा आहे. एफएमचा पट्टा साधारणतः ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढा, आणि एका केंद्राच्या ध्वनीस प्रत्यक्षात सुमारे २०० किलोहर्ट्झची जागा लागते. दोन केंद्रे अगदी खेटून ठेवली तर ग्राहकयंत्रात एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळतो, म्हणून मध्ये मोकळी जागा सोडावी लागते. ती किती, हे मात्र यंत्रांच्या गुणवत्तेवर आणि खात्याच्या सावधगिरीवर अवलंबून असते. आपल्याकडे एका शहरातील दोन वाहिन्यांत ८०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. या मापाने सबंध पट्ट्यात पंचवीसच जागा निघतात, आणि त्यांतून आकाशवाणीचा व इतरांचा वाटा वजा जातो. २०१२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने हे अंतर ४०० वर आणावे अशी शिफारस केली. हवेत जागा नाही, असे जे सांगण्यात येते, त्यातला बराच भाग निसर्गाचा नसून दप्तराचा आहे, हे यावरून उघड होते. दुसरी गोष्ट शक्तीची. लहरी जसजशा दूर जातात तसतशा पसरून क्षीण होतात. पल्ला दुप्पट करावयाचा तर शक्ती निदान चौपट करावी लागते, आणि क्षितिजाआड तेवढ्यानेही भागत नाही. उलट बाजूने पाहता, शक्ती कमी केली तर पल्ला त्या मानाने फारसा घटत नाही. महानगरातील व्यापारी केंद्रे कित्येक किलोवॅट ओततात. पण घराच्या गच्चीवरील तीस मीटरांच्या खांबावरून अवघे शंभर वॅट सोडले, तरी पाच-साडेपाच किलोमीटरच्या परिघात आवाज स्वच्छ पोहोचतो. एवढ्या परिघात सबंध दादर-माटुंगा मावते.

या शंभर वॅटच्या कल्पनेवर अमेरिकेत दहा वर्षे वाद झाला. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने तेथे एका कंपनीने किती केंद्रे बाळगावी यावरील देशव्यापी मर्यादा उठविली, आणि अल्पावधीत क्लिअर चॅनल या एकाच कंपनीच्या हाती बाराशेच्या वर केंद्रे गेली. गावोगावच्या केंद्रांवर दूरच्या शहरातून ठरविलेली गाणी वाजू लागली. नियम सैल केले म्हणजे स्वातंत्र्य वाढते असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. कॅलिफोर्नियातील बर्कलेपासून अनेक ठिकाणी कार्यकर्ते १९९६ च्या आधीपासूनच विनापरवाना छोटे प्रक्षेपक चालवून निषेध नोंदवीत होते, आणि संघीय संचार आयोगाचे अध्यक्ष विल्यम केनार्ड यांनी जानेवारी २००० मध्ये अल्पशक्ती एफएमचा नवा वर्ग निर्माण केला: शक्ती जास्तीत जास्त शंभर वॅट, मालक नफा न कमावणारी स्थानिक संस्था, आणि लिलाव नाही. बड्या प्रक्षेपकांच्या संघटनेने, आणि आश्चर्य म्हणजे सार्वजनिक नभोवाणीनेही, मोठ्या केंद्रांच्या आवाजात व्यत्यय येईल असा बाऊ केला. त्याच वर्षाअखेर अमेरिकन काँग्रेसने अंतराचे जुने नियम पुन्हा लादून शहरांतली बहुतेक केंद्रे अशक्य करून टाकली. मग मायटर या संशोधन संस्थेकरवी अभ्यास झाला, त्यात व्यत्ययाची भीती निराधार ठरली, आणि तरीही कायदा दुरुस्त होण्यास ४ जानेवारी २०११ हा दिवस उजाडावा लागला. आज तेथे अशी हजाराहून अधिक केंद्रे आहेत. त्यांत चर्चची पुष्कळ आहेत हे खरे, पण ज्यांच्या ध्वनिमुद्रिका कोणत्याही बड्या कंपनीने काढलेल्या नाहीत असे गावातलेच वादक दिवसभर ऐकविणारीही आहेत.

ब्रिटनची वाट निराळी. तेथे १९६४ मध्ये ‘रेडिओ कॅरोलाइन’ने किनाऱ्याबाहेर नांगरलेल्या जहाजावरून गाणी लावून बीबीसीच्या एकाधिकारास खिंडार पाडले, १९६७ च्या कायद्याने अशी जहाजे बेकायदा ठरली, आणि त्याच वर्षी बीबीसीला स्वतःच तशी वाहिनी काढावी लागली. १९९० च्या कायद्याने स्थानिक परवाने लिलावाऐवजी गुणावगुण पाहून देण्याचे ठरविले. अर्जदाराने आपण कोणते संगीत लावू हे लिहून द्यावयाचे आणि ते पाळावयाचे. लंडनमध्ये चोरून नृत्यसंगीत ऐकविणाऱ्या ‘किस एफएम’ला त्या कायद्याआधीच अशाच निवडीतून सनद मिळाली होती. राष्ट्रीय परवान्यांचा मात्र लिलाव झाला. पण तेथेही संसदेने अशी अट घातली की पहिल्या एफएम वाहिनीवर पॉप संगीत मुख्यत्वे असता कामा नये, आणि मग पॉप म्हणजे काय हे कायद्याच्या भाषेत सांगण्याची पाळी आल्यावर ठोकेबाज ताल आणि ध्वनिवर्धकावरील भिस्त ही त्याची लक्षणे कलमात लिहिली गेली. मसुदा करणाऱ्या त्या विधिज्ञाची दया येते. परंतु त्या कलमामुळेच १९९२ मध्ये ‘क्लासिक एफएम’ निघाले आणि अभिजात पाश्चात्त्य संगीत व्यापारी तत्त्वावर चालू शकते हे सिद्ध झाले.

आपल्याकडे लिलावाविना मिळणारा परवाना नाही असे नाही. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सेवाभावी संस्थांना सामुदायिक नभोवाणीचे दार उघडले. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, म्हसवडची ‘माणदेशी तरंग’, बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’ ही त्याचीच फळे. शक्ती शंभर वॅट, खांब तीस मीटर; यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही अमेरिकेतल्या केंद्रांची सख्खी भावंडे. भेद आहे तो पात्रतेचा व हेतूचा. अर्जदार नोंदणीकृत, नफा न घेणारी आणि निदान तीन वर्षे स्थानिक समाजाची सेवा केलेली संस्था हवी. व्यक्तीस अर्जच करता येत नाही. माहिती मंत्रालय, गृहखाते, लहरींचे वाटप करणारा विभाग आणि खांबाच्या जागेस संमती देणारी समिती, असा कागदाचा प्रवास होतो. २०२४ च्या सुधारणेने परवान्याची मुदत दहा वर्षे केली, आणि तासाला बारा मिनिटे, दहा सेकंदांस ७४ रुपये या सरकारी दराने जाहिराती घेण्याची सवलत दिली. या सुधारणा स्तुत्य आहेत. तथापि या केंद्रांकडून अपेक्षा शेती, आरोग्य, शिक्षण यांची आहे. चार गायक, दोन तबलजी आणि एक हौशी संग्राहक एकत्र येऊन ‘आम्ही फक्त संगीतच ऐकवू’ म्हणाले, तर कोणत्या रकान्यात त्यांचा अर्ज बसवावा हे कारकुनास सुचणार नाही. एका दारावर कोट्यवधींचा लिलाव आणि दुसऱ्या दारावर समाजसेवेचा दाखला; संगीताला यांपैकी एकातूनही सरळ आत जाता येत नाही.

परवान्याविना केंद्र चालविणे किती स्वस्तात होते, ते बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूरच्या एका रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने दाखविले. पन्नासएक रुपयांच्या सुट्या भागांतून त्याने प्रक्षेपक जुळविला, शेजारच्या तिमजली दवाखान्यावर बांबू उभा करून त्यास तार बांधली, आणि आसपासच्या गावांना तो भोजपुरी व चित्रपटातील गाणी ऐकवू लागला. वर्तमानपत्रांनी त्याची कीर्ती पसरविली आणि ती कीर्तीच त्यास भोवली. २००६ मध्ये अधिकाऱ्यांनी केंद्र बंद केले. कायद्याप्रमाणे ते योग्यच होते. १०८ मेगाहर्ट्झच्या लगेच पलीकडे विमानवाहतुकीचा पट्टा सुरू होतो, आणि ओबडधोबड प्रक्षेपकाची गळती तेथवर जाऊ शकते. मात्र तपासलेले यंत्र आणि साधा परवाना देऊन हाच उपद्व्याप सनदशीर करण्याची कोणतीही सोय कायद्यात नव्हती, हेही तितकेच खरे.

हल्ली सारे संगीत मोबाइलवर मिळते, तेव्हा नभोवाणीचा हा खटाटोप कशास, असाही आक्षेप येईल. मोबाइलवर ज्याला जे ठाऊक आहे ते तो शोधून ऐकतो. जे ठाऊक नाही ते शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या जाणकाराच्या निवडीने अवचित कानावर पडावे, हे काम केंद्राचे. आणि असे ऐकण्यासाठी श्रोते पैसेही देतात. वर्ल्डस्पेस या उपग्रह-नभोवाणीवर हिंदुस्थानी संगीताची ‘गंधर्व’ ही वाहिनी होती. तीवर यमनानंतर जाहिरात येत नसे. वेगळे यंत्र विकत घेऊन, वर वर्गणी भरून लोक ती ऐकत. कंपनीचे अमेरिकेत दिवाळे निघाले आणि २००९ च्या अखेरीस ती बंद पडली, तेव्हा वर्गणीदारांचा जो हळहळीचा सूर निघाला, तो एखाद्या मैफलीच्या मध्येच वीज गेल्यावर निघावा तसा होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. राखीव किंमत एकूण ७८४.८७ कोटी, म्हणजे सरासरीने वाहिनीमागे एक कोटी साडेसात लाख. मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांस उत्तेजन मिळेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. ज्या लहान शहरांत एखाददुसरीच वाहिनी निघेल, तेथे वरचे गणित काय सांगते ते वाचकाने स्वतः करून पाहावे. खजिन्यास या लिलावातून जे मिळावयाचे ते मिळो. परंतु याच २३४ शहरांत, ४०० किलोहर्ट्झच्या अंतराने मोकळ्या होणाऱ्या जागांपैकी दोन-दोन जागा शंभर वॅटच्या, लिलावाविना, नाममात्र शुल्काच्या आणि केवळ संगीतासाठी म्हणून राखून ठेवावयाच्या, अर्जदारांची निवड त्यांनी लिहून दिलेल्या संगीतावरून करावयाची आणि तीन वर्षांनी ते पाळले की नाही हे तपासून परवाना चालू ठेवावयाचा, एवढी तरतूद करण्यास नवा कायदा लागत नाही. मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वांचे एक परिपत्रक काढले, तरी काम भागते.